त्वॉल स्लेंग : काजऱ्याच्या टेकडीवरची शाळा

नॉम पेन्हच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्वॉल स्लेंगसमोर बहुधा 'एक तास' असं लिहिलेलं असतं. सकाळी राजवाडा, मग शाळेत थाटलेल्या जुन्या तुरुंगाचं हे संग्रहालय, मग रशियन मार्केटमध्ये खरेदी. महाराष्ट्रातून कंबोडियाला जाणारे बहुतेक लोक अंगकोर वाटसाठी जातात, राजधानीला एक-दीड दिवस मिळतो आणि त्यात हे उरकलं जातं. पहिली सूचना म्हणूनच हीच : एक तासच मिळणार असेल तर जाऊ नका. इथे किमान अडीच तास लागतात, नीट पाहायचं तर तीन. एका तासात तुम्ही फक्त पहिल्या दोन इमारती पाहाल. त्या दोन इमारतींत जे दिसतं ते तुरुंग चालवणाऱ्यांनी मागे ठेवलेलं आहे. जगलेल्या माणसांनी सांगितलेलं सगळं त्यापुढे आहे.

नावापासून सुरुवात करू. ख्मेर भाषेत 'त्वॉल' म्हणजे उंचवटा आणि 'स्लेंग' म्हणजे आपल्या कोकणातला काजरा, विषारी बियांचं तेच झाड. काजऱ्याची टेकडी. टेकडी म्हणावी असं मात्र तिथे आज काही दिसत नाही. शहराच्या दाट वस्तीत, 113 आणि 350 क्रमांकांच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, 1960च्या दशकात बांधलेल्या एका माध्यमिक शाळेचं हे आवार आहे. तीन मजल्यांच्या चार लांबट इमारती, प्रत्येक मजल्यावर पुढे व्हरांडा आणि मागे वर्गखोल्या, मध्ये मैदान, नारळ आणि चाफा. कुठल्याही तालुक्याच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे आणा, फार फरक नाही. कुंपणाला लागून आजही लोकांची घरं आहेत.

17 एप्रिल 1975ला ख्मेर रूजच्या, म्हणजे पोल पॉटच्या नेतृत्वाखालच्या कंबोडियन कम्युनिस्टांच्या, फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि त्यांनी सगळं शहर रिकामं करून माणसांना शेतांवर हाकललं. शाळा बंद, पैसा बंद, बाजार बंद. रिकाम्या शहरातल्या या रिकाम्या शाळेत राजवटीच्या सुरक्षायंत्रणेनं आपला मुख्य तुरुंग थाटला. त्याचं सांकेतिक नाव एस-21. 7 जानेवारी 1979ला व्हिएतनामी फौजांनी शहर घेतलं तेव्हा तो संपला. तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवसांच्या या राजवटीत देशभरात 17 ते 20 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे देशातला चौथा-पाचवा माणूस. उपासमार, आजार, अतिश्रम आणि थेट हत्या, सगळं त्यात आलं. एस-21मध्ये किती आणले गेले याचा न्यायालयात सिद्ध झालेला किमान आकडा 12,272 आहे. संग्रहालय आणि अभ्यासक त्याहून बरेच मोठे आकडे देतात, 18,000पर्यंतचे. वाचलेल्यांचा आकडा पूर्वी सात सांगत. आता सहसा बारा सांगतात : सात प्रौढ आणि पाच मुलं, त्यातलं एक मूल सुटकेनंतर लगेचच दगावलं. आधीच्या काळात सोडले गेलेले काही कैदीही संशोधकांनी पुढे शोधून काढले.

आता तिकीट. संग्रहालय रोज सकाळी 8 ते संध्याकाळी 5 उघडं असतं. परदेशी प्रौढांना 5 डॉलर, 10 ते 18 वयाच्या मुलांना 3 डॉलर. ऑडिओ गाइड वेगळा, प्रौढांना आणखी 5 डॉलर. दर बदलतात, निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. अमेरिकी डॉलर कंबोडियात सर्रास चालतात, पण नोट जराशी फाटलेली, डागाळलेली किंवा शाईनं लिहिलेली असेल तर परत करतात. सुट्टे रिएलमध्ये मिळतात, एका डॉलरला साधारण 4,000.

ऑडिओ गाइड घ्याच. हा ऐच्छिक खर्च नाही असं धरून चाला. कारण इथे पाट्या अगदी थोड्या आहेत. 'अ' इमारतीतल्या कित्येक खोल्यांत एक पलंग, भिंतीवर एक धूसर फोटो आणि बाकी काही नाही. माहिती नसेल तर दोन मिनिटांत माणूस बाहेर पडतो. गाइडमध्ये थांब्यांचे क्रमांक आहेत, आवारात तेच क्रमांक लावलेले आहेत. मराठी निवेदन नाही, इंग्रजी स्वच्छ आणि सावकाश आहे. हेडफोनमुळे आणखी एक गोष्ट साधते : शेकडो माणसं आवारात असूनही तिथे शांतता असते. काही थांब्यांवर मुख्य निवेदनाला जोडून जास्तीचे भाग असतात. लोक सुरुवातीलाच सगळे ऐकत बसतात आणि शेवटच्या इमारतीपर्यंत पोचतात तेव्हा कान आणि मन दोन्ही थकलेलं असतं. पहिल्या दोन इमारतींत मुख्य भागच ऐका, जोडभाग 'क' आणि 'ड'साठी राखा. माणूस-वाटाड्याही मिळतो, त्याची फी वेगळी. प्रश्न विचारायचे असतील तर तोच बरा, मात्र त्याच्या वेगानं चालावं लागतं.

दाराशी पोचल्यावर आधी अंगणातल्या पांढऱ्या समाध्या पाहा. 14 आहेत. तुरुंगाचे लोक पळून गेले तेव्हा 'अ' इमारतीतल्या पलंगांवर मारून टाकलेल्या 14 जणांची प्रेतं मागे राहिली होती. दोन व्हिएतनामी युद्धछायाचित्रकार दुर्गंधीच्या मागावर इथवर आले आणि त्यांना ती सापडली. बहुतेकांची ओळख पटण्याच्या पलीकडे गेली होती. त्यांना इथेच पुरलं. समाध्यांवर नावं नाहीत. हे लक्षात ठेवून पुढे चला, कारण नाव आणि चेहरा यांची फारकत हीच या जागेची खरी गोष्ट आहे. प्रत्येक इमारतीत ती वेगळ्या रूपात भेटते.

'अ' इमारत मोठ्या पदांवरच्या कैद्यांच्या चौकशीची. पिवळ्या-पांढऱ्या फरशांच्या प्रशस्त वर्गखोल्या, प्रत्येकीत मधोमध एक लोखंडी पलंग, त्यावर पायबेड्या आणि शौचासाठी दिलेला बंदुकीच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. भिंतीवरचा फोटो त्याच खोलीचा, जानेवारी 1979मधला, प्रेत अजून पलंगावर असतानाचा. खोली आणि तिचाच फोटो एकमेकांसमोर ठेवण्याची ही रचना अतिशय परिणामकारक आहे. 14 वर्षांखालच्या मुलांना मात्र या इमारतीत नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मूल बरोबर असेल तर मोठ्यांनी आळीपाळीनं आत जावं आणि एकानं अंगणात थांबावं.

इमारतींच्या मधल्या जागेत एक उंच लाकडी चौकट आहे. शाळेच्या काळात मुलं तिच्या दोरांवर व्यायाम करत. तुरुंगात तिच्यावर कैद्यांना मागे हात बांधून उलटं टांगत आणि शुद्ध हरपली की खालच्या घाणेरड्या पाण्याच्या रांजणात डोकं बुडवत. ते रांजण तिथेच आहेत. जवळच कैद्यांसाठीच्या नियमांचा फलक आहे, दहा कलमांचा. सहावं कलम सांगतं की फटके किंवा विजेचे झटके बसताना अजिबात रडायचं नाही. लोक इथे गर्दी करून फलक वाचतात आणि पुढे जातात. त्याऐवजी एकदा मागे वळून व्हरांड्यांकडे पाहा. शाळेची जी गोष्ट जशी वापरता आली तशी ती वापरली गेली, फारसं काही मोडलं नाही, फारसं नवं काही बांधलं नाही. खिडक्यांना गज, वर्गात विटांच्या भिंती, व्हरांड्याला काटेरी तार. एक शाळा तुरुंग व्हायला एवढंच पुरतं.

'ब' इमारतीत छायाचित्रं आहेत आणि इथे बहुतेकांचा तोल जातो. ओळीनं फलक, प्रत्येक फलकावर पासपोर्टच्या आकाराचे चेहरे. म्हातारे, बायका, दहा-बारा वर्षांची पोरं, तान्हं मूल मांडीवर घेतलेली आई. छातीवर क्रमांकाची चिठ्ठी. ज्यांच्या अंगात सदरा नव्हता त्यांतल्या काहींच्या कातडीलाच ती टाचलेली. फोटो काढायची खुर्चीही ठेवलेली आहे, डोकं ताठ राहावं म्हणून मागे लोखंडी टेका असलेली. पाहणारे सहसा दोन चुका करतात. पहिली, तो क्रमांक म्हणजे कैद्याची कायमची ओळख असं समजतात. तसं नाही. बरेचसे क्रमांक त्या त्या दिवशी आलेल्यांच्या ओळीतले होते, दुसऱ्या दिवशी मोजणी पुन्हा एकपासून. म्हणूनच क्रमांकावरून नाव शोधणं इतकं अवघड झालं. दुसरी, प्रत्येक चेहरा पाहायचा प्रयत्न करतात. ते जमत नाही. तिसऱ्या फलकानंतर चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात आणि माणूस नुसताच चालत राहतो. एका फलकासमोर थांबा, पाच-सहा चेहरे नीट पाहा, बाकीच्यांपुढून सावकाश जा.

हे फोटो कुणी आणि कशासाठी काढले हे विसरून चालत नाही. ते तुरुंगाच्या कारकुनीचा भाग होते : कैदी आला, फोटो, चरित्र, कबुलीजबाब, मृत्यूच्या यादीवर खूण. म्हणजे त्या चेहऱ्याकडे आपण ज्या जागेवरून पाहतो ती जागा मारेकऱ्यांच्या छायाचित्रकाराची आहे. संग्रहालयानं हे अवघडलेपण पुरेसं उलगडून सांगितलेलं नाही आणि आमच्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. 1990च्या दशकात सुमारे 6,000 निगेटिव्ह स्वच्छ करून जपल्या गेल्या, ते मोलाचं काम झालं. पण 1997मध्ये त्यांतले काही फोटो न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लागले तेव्हा नावाविना, गोष्टीविना टांगलेले हे चेहरे कलावस्तू ठरतात का, यावर मोठा वाद झाला. 2021मध्ये तर एका परदेशी संकेतस्थळानं हे फोटो रंगवून छापले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवलेलं होतं. कुटुंबीयांनी आणि कंबोडिया सरकारनं निषेध केल्यावर ते काढलं गेलं. निव्वळ चेहरा हातात आला की त्याचं काय होतं, याची ही उदाहरणं आहेत.

चेहऱ्याला नाव आणि गोष्ट परत मिळाली की काय होतं, याचंही एक उदाहरण याच भिंतीवर आहे. हूत बोफाना. पंचविशीतली तरुणी, नवरा ली सिथा स्वतः ख्मेर रूजमध्ये. ताटातूट झाल्यावर तिनं त्याला पत्रं लिहिली आणि त्यांत स्वतःला 'सेदा' म्हटलं. सेदा म्हणजे सीता. ख्मेर रामायणाला रिआमकेर म्हणतात, त्यातली रावणाच्या कैदेतली सीता. ही पत्रंच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली आणि 1977मध्ये दोघांनाही मारलं. अंगकोरच्या भिंतींवर लंकेचं युद्ध पाहून आलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिच्याच नावानं नॉम पेन्हमध्ये बोफाना केंद्र आहे. तिथे कंबोडियाच्या जुन्या चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणं लोकांना पाहता-ऐकता येतात. संध्याकाळ मोकळी असेल तर इथून तिथे जावं, राजवटीच्या आधीचा हसता-गाता देश तिथे दिसतो.

'क' इमारत बाहेरूनच ओळखू येते. वरपासून खालपर्यंत व्हरांड्यांना काटेरी तारेचं जाळं आहे. ते पळून जाऊ नये म्हणून असेल असं वाटतं. ते होतं कैद्यांनी वरून उडी टाकून जीव देऊ नये म्हणून. मरण कधी यायचं तेही तुरुंगच ठरवणार होता, आणि तेही कबुलीजबाब पुरा झाल्यावर. तळमजल्यावर वर्गांत घाईघाईनं रचलेल्या विटांच्या कोठड्या आहेत, साधारण 80 सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर लांब. विटांमधला सिमेंट ओघळलेला दिसतो. त्यावरच्या मजल्यावरच्या कोठड्या लाकडी फळ्यांच्या. आणखी वर मोठ्या खोल्या, जिथे कैद्यांना लांब लोखंडी दांड्याला पाय अडकवून ओळीनं आडवं ठेवत. कूस बदलायलाही परवानगी लागे. कोठड्यांच्या रांगेत खांद्याला भिंती घासतात, मधली वाट एका माणसापुरती आहे. गर्दीत घुसमटायला होतं. बंद जागेची धास्ती असलेल्यांनी तळमजला दारातूनच पाहावा. काही वर्गांत फळा अजून भिंतीवर आहे.

कबुलीजबाबांविषयी इथे थोडं समजून घेतलं पाहिजे, नाहीतर या सगळ्या छळाचा हेतू कळत नाही. माहिती काढणं हा हेतू नव्हताच. आणलेला माणूस दोषी आहे हे आधीच ठरलेलं असे, कारण 'संघटना', म्हणजे ख्मेर रूजचा पक्ष, चूक करत नाही. त्यानं फक्त आपण सीआयए, केजीबी किंवा व्हिएतनामचे हस्तक असल्याचं लिहून द्यायचं आणि आपल्या 'साखळी'तली नावं सांगायची. ज्याला या संस्थांची नावंही ठाऊक नव्हती तो शेतकरी छळ थांबावा म्हणून शेजाऱ्यांची, नातेवाइकांची, सहकाऱ्यांची नावं देई. ती माणसं मग आणली जात. म्हणून तुरुंग रिकामा होण्याऐवजी भरत गेला, आणि म्हणूनच इथल्या कैद्यांत मोठा वाटा खुद्द ख्मेर रूजच्याच कार्यकर्त्यांचा आणि सैनिकांचा, त्यांच्या बायकामुलांचा होता. इथले पहारेकरी आणि चौकशी करणारेही संशयात सापडून याच कोठड्यांत आले. व्हिएतनामी होते, थोडे लाओ, थाई, भारतीय, पाकिस्तानी होते आणि समुद्रात पकडलेले मूठभर पाश्चात्त्य खलाशीही. ही यंत्रणा चालवणारा कांग केक इऊ ऊर्फ डच हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. यादीत शिक्षकाच्या हस्ताक्षरातले शेरे दिसतात.

यातून एक कायद्याचा मुद्दा निघतो आणि संग्रहालय त्यावरून घाईनं पुढे जातं. संग्रहालयाच्या पूर्ण नावात 'वंशसंहार' आहे. पण 2010मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानं चाललेल्या न्यायालयानं डचला दोषी ठरवलं ते मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी आणि जिनिव्हा करारांच्या गंभीर भंगासाठी. 35 वर्षांची शिक्षा 2012मध्ये अपिलात जन्मठेप झाली, 2020मध्ये तो मेला. वंशसंहाराचा निकाल नोव्हेंबर 2018मध्ये आला तो नुऑन चिआ आणि ख्यू सांफान या वरिष्ठ नेत्यांविरुद्ध, आणि तो देशातल्या व्हिएतनामींच्या संहाराबद्दल होता, नुऑन चिआच्या बाबतीत चाम मुस्लिमांच्या संहाराबद्दलही. स्वतःच्याच ख्मेर माणसांची एवढी कत्तल कायद्याच्या व्याख्येत 'वंशसंहार' बसत नाही, कारण ती व्याख्या राष्ट्र, वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून ठरवलेल्या गटाभोवती बांधलेली आहे. यानं गुन्हा लहान होत नाही. पण निकाल कशाबद्दल लागला आणि कशाबद्दल नाही, हे सांगणारा एक नीट फलक इथे असायला हवा.

दुसरी उणीव सुरुवातीची. ख्मेर रूज सत्तेवर आले कसे, 1969 ते 1973 या काळात अमेरिकी विमानांनी कंबोडियाच्या खेड्यांवर किती बॉम्ब टाकले, यादवी युद्धात गावं कशी उद्ध्वस्त झाली, हे इथे तोंडी लावण्यापुरतं येतं. याचं कारण संग्रहालयाच्या जन्मात आहे. 1979-80मध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्यावरच्या नव्या सरकारला 'पोल पॉटच्या टोळी'चे गुन्हे जगाला दाखवायचे होते. मांडणीचं काम माई लाम या व्हिएतनामी कर्नलकडे होतं. यादवीची कारणं सांगण्यापेक्षा पुरावा समोर ठेवणं हा त्याचा उद्देश. त्यानंच जवळपास 300 कवट्यांचा कंबोडियाचा नकाशा भिंतीवर लावला होता. 2002मध्ये तो उतरवला, आता फक्त त्याचा फोटो आहे. उतरवला हे फार चांगलं झालं. मेलेल्या माणसाचं डोकं देशाच्या नकाशातला ठिपका व्हावं हे त्याच्या घरच्यांनी का सोसावं? बौद्ध घरांत अंत्यसंस्काराविना राहिलेला जीव भटकतो अशी श्रद्धा आहे, तिथे तर ते आणखी जड जातं.

आता 'ड' इमारत. जिच्यासाठी अंगात बळ राखून ठेवायला सांगितलं ती ही. छळाची हत्यारं इथे आहेत, पण त्यांच्या वरच्या भिंतींवर वान नाथची चित्रं आहेत आणि तीच पाहायची. बट्टंबांगजवळचा हा चित्रकार जानेवारी 1978मध्ये इथे आणला गेला. दांड्याला पाय अडकवून महिनाभर पडून राहिलेल्या, अंगावर मांस न उरलेल्या या माणसाला पोल पॉटची तसबीर रंगवण्यासाठी बाहेर काढलं. फेब्रुवारी 1978च्या मृत्यूच्या यादीत त्याचं नाव होतं, त्यापुढे शेरा : वापरासाठी ठेवा. त्या शेऱ्यावर तो जगला. 1980मध्ये तो याच इमारतीत परत आला आणि जे कुठल्याच कॅमेऱ्यानं टिपलं नव्हतं ते रंगवलं : ओळीनं जखडलेली हाडकुळी माणसं, आईच्या हातून ओढून घेतलेलं मूल, फळीवर बांधून तोंडावर पाणी ओतणं, चिमट्यानं नखं उपटणं. यातलं सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नाही, काही शेजारच्या खोलीतून कानांवर आलं, काही सुटलेल्या इतरांनी सांगितलं. हे जाणूनच पाहावं. म्हणून त्यांची साक्ष कमी होत नाही. शेजारच्या इमारतीतल्या फोटोंत कैदी एकेकटा आहे, कॅमेऱ्यापुढे बसवलेला. वान नाथच्या चित्रांत माणसं एकमेकांजवळ आहेत आणि मारणारेही चौकटीत आहेत. तुरुंगाच्या फोटोंनी नेमकं तेच चौकटीबाहेर ठेवलं होतं. 2011मध्ये तो गेला.

चित्रकार बू मेंग असाच तसबिरीसाठी वाचला. चुम मेय यंत्रं दुरुस्त करणारा. बारा दिवस-रात्र छळ सोसल्यावर तुरुंगातली शिवणयंत्रं आणि टंकलेखनयंत्रं तो दुरुस्त करतो हे कळलं आणि त्याला ठेवलं. पायाची नखं उपटली होती. सुटकेच्या गोंधळात भेटलेली बायको आणि तान्हं मूल पळताना त्याच्यासमोर गोळ्यांना बळी पडली. नॉर्ग चान फाल तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, धाकट्या भावाबरोबर कपड्यांच्या ढिगाखाली लपून राहिला, आई सापडली नाही. 2009च्या खटल्यात वान नाथ, चुम मेय, बू मेंग आणि नॉर्ग चान फाल, चौघांनीही साक्ष दिली. पुढची अनेक वर्षं चुम मेय आणि बू मेंग आवारात टेबल मांडून आपल्या आठवणींची पुस्तकं विकत बसत. अशी कुणी व्यक्ती किंवा त्यांचे घरचे त्या दिवशी बसलेले असतील तर नमस्कार करून पुस्तक घ्या. फोटो हवा तर विचारून. 'तुम्हाला कुठे मारलं' असले प्रश्न नकोत, ते उत्तर त्यांनी न्यायालयात दिलेलं आहे. वाचलेल्यांचं कथन किंवा माहितीपटाचा खेळ त्या दिवशी किती वाजता आहे, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवा आणि त्या वेळेभोवती इमारतींचा क्रम बसवा.

शेवटी मैदानातला स्तूप. 2015मध्ये उभारला गेला, भोवती काळ्या दगडाच्या फलकांवर इथल्या कैद्यांची नावं कोरलेली आहेत, 12,000हून अधिक. ख्मेर लिपी आपल्याला वाचता येत नाही, तरीही सावकाश फेरी घालावी. दारातल्या 14 समाध्यांना नावं नव्हती, 'ब' इमारतीतल्या चेहऱ्यांना नव्हती, आणि इथे फक्त नावंच आहेत. आजही कुटुंबं येतात, फोटोच्या फलकांवरून शोधतात, मग या दगडावर बोट फिरवत नाव सापडतंय का पाहतात. संग्रहालयाच्या दप्तरातले कबुलीजबाब, चरित्रं आणि फोटो युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदीत 2009पासून आहेत, त्यांचं डिजिटल रूपांतरही झालं आहे. चेहरा आणि नाव जुळवण्याचं काम त्यामुळे पुढे सरकतं. 2025मध्ये हे आवार, इथल्या कैद्यांना जिथे नेऊन मारत ती चोएंग एकची दफनभूमी आणि ख्मेर रूजचा जुना एम-13 तुरुंग मिळून जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा गर्दी आणखी वाढेल हे धरूनच चाला.

जाण्याची उत्तम वेळ सकाळी ठीक आठ. साडेनऊ-दहानंतर बसगाड्या येतात आणि 'क'मधल्या कोठड्यांत रांगा लागतात. मार्च-एप्रिल-मेमध्ये दुपारी वरच्या मजल्यांवर उभं राहवत नाही, पंखे नाहीत. पाणी जवळ ठेवा. वर जायला जिनेच आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चारही इमारतींचे तळमजले आणि अंगण पाहिलं तरी मुख्य गोष्ट हाती लागते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. दारांवर हसऱ्या चेहऱ्यावर काट मारलेली चिन्हं आहेत. कॅमेऱ्यावर काट दिसली की फोन खिशात. पलंगांसमोर, कोठड्यांत उभं राहून स्वतःचे फोटो काढू नयेत, हे पाटी नसली तरी लागू आहे. आवारात मोठ्यानं हाक मारू नका, कुणीतरी त्याच वेळी आपल्या माणसाचा चेहरा शोधत असतं. येण्या-जाण्यासाठी टुकटुक मोबाइल ॲपवरून बोलवा, भाडं आधीच दिसतं, घासाघीस होत नाही. दारातले काही चालक लगेच 'किलिंग फील्ड्स'ची, म्हणजे चोएंग एकची, फेरी लावून द्यायला पाहतात, ती आधी ठरवलेली नसेल तर नको म्हणा.

चोएंग एक शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर. एस-21मधल्या कैद्यांना रात्री ट्रकमधून तिकडे नेऊन मारत. तिथे 129 सामूहिक खड्डे सापडले, त्यांतले 43 न उकरता तसेच ठेवले आहेत. क्रम हाच ठेवा : आधी त्वॉल स्लेंग, नंतर चोएंग एक. उलटं केलं तर खड्ड्यांतली माणसं कोण होती हे न कळताच तुम्ही त्यांच्या काठावर उभे राहता. आणि दोन्ही एकाच सकाळी नकोत. त्वॉल स्लेंगहून बाहेर आल्यावर जेवून विश्रांती घ्या आणि चोएंग एक दुसऱ्या दिवशी सकाळसाठी ठेवा. एकच दिवस असेल तर त्वॉल स्लेंग पूर्ण पाहा आणि चोएंग एक सोडून द्या.